चांदोबा, किशोर आणि वेताळचे जुने अंक नागपुरात कसे टिकवायचे? (कूलर, कसर, गंजलेल्या पिना)

कवटीची_अंगठी

साधारण २६० अंक आहेत. निम्मे चांदोबा, सत्तरेक किशोर, बाकी मराठी इंद्रजाल कॉमिक्स. त्यात बहुतेक वेताळ, थोडे मँड्रेक आणि बहादूर. घर नागपूरच्या महाल भागात, जुनं, तळमजला. अंक लोखंडी कपाटात डांबरगोळ्या टाकून ठेवलेत, प्रत्येक अंक कापडाच्या दुकानात मिळते तसल्या मऊ प्लास्टिक पिशवीत. कूलर त्याच खोलीत.

आजची अवस्था: कागद पिवळा, कोपरे हात लावताच तुटतात. पिना गंजल्यात, भोवती तपकिरी डाग. पंधरा-वीस अंकांना जुनी सेलोटेप आहे, तिचा डिंक पिवळा होऊन शेजारच्या पानाला चिकटतो. काही मुखपृष्ठांवरचा रंग कुणी खरवडल्यासारखा पट्ट्यापट्ट्यांनी गेलाय.

एका बाइंडरने सहा-सहा अंकांचे खंड बांधायचं सुचवलं, दुसऱ्याने मुखपृष्ठं लॅमिनेट करायचं. अंक नुसते साठवायचे नाहीत, वाचायचेत. ‘एवढं वय झालं तरी पोरांची पुस्तकं’ हा सल्ला घरी फुकट मिळतो, तो इथे नको.

खळ_आणि_दोरा

लॅमिनेशन नाही आणि बाइंडिंगही नाही. लॅमिनेशनचा डिंक उष्णतेने कागदात मुरतो, तो परत निघत नाही. आतला आम्ल कागद प्लास्टिकच्या दोन थरांत सडत राहतो. बाइंडिंगमध्ये खंड एकसारखा दिसावा म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारतात, त्यात चित्रांच्या कडा जातात. शिवाय बाजूने टोचून शिवलेला खंड उघडताना ठिसूळ पान शिवणीपाशीच मोडतं. आधीच बांधलेले खंड कुणाकडे असतील तर ते मात्र उसवू नका.

कागद पिवळा का पडतो ते एकदा समजून घ्या. स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन (लाकडाचे धागे धरून ठेवणारा घटक) राहिलेलं असतं. उजेड, उष्णता आणि दमट हवा लागली की त्यातून आम्ल तयार होतं आणि ते धागे तोडत जातं. ढोबळ हिशेब असा की तापमान ५ अंशांनी वाढलं की कागदाचं आयुष्य निम्म्यावर येतं. पिवळेपणा परत जात नाही, पण वेग कमी करता येतो. मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि सोडावॉटरमध्ये पानं बुडवायची कृती फिरत असते, ती करू नका. ओला न्यूजप्रिंट स्वतःचं वजन पेलत नाही, आणि मुखपृष्ठाची शाई सुटली की संपलंच.

त्यापेक्षा साधी गोष्ट. हल्लीचा बहुतेक ए४ कॉपीअर कागद अल्कधर्मी असतो, त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं. मुखपृष्ठाच्या आत आणि मधल्या जोडपानात एकेक कागद ठेवा. रिम घेतल्यावर पीएच (आम्ल की अल्कधर्मी) तपासायच्या पेनाने एका कोपऱ्यात रेघ मारून बघा, जांभळी उमटली तर चालेल. हेच पेन तुमच्या अंकावर मारू नका, डाग राहतो.

पिशव्या बदला. मऊ, वास येणारी पिशवी बहुधा पीव्हीसीची असते, आणि ते प्लास्टिक कागदाला घातक. खात्री करायची तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, पिशवीला टेकवा आणि तार परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. धूर विषारी असतो, म्हणून बाल्कनीत करा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची, ५० मायक्रॉनची पिशवी घ्या. मागे आधाराला राखाडी पुठ्ठा घालू नका, तोही बहुधा आम्लधर्मी असतो. पिशवीचं तोंड चिकटवू नका.

संत्रा_मार्केट

भाऊ, मुखपृष्ठावरचे पट्टे म्हणजे कसर. चंदेरी किडा, शेपटीला तीन केस, रात्री निघते. तिला चकचकीत कागदावरचा स्टार्च आणि मागचा डिंक आवडते. कसर आहे म्हणजे ओल आहे, आणि ओल तुमच्या कूलरची आहे बाप्पा. तुम्ही कूलरच्या खोलीत अंक ठेवून राहिले आणि वरून डांबरगोळ्या टाकून राहिले. बाहेर ४५ अंश अन् हवा कोरडी ठणठणीत, खोलीत मात्र श्रावण.

माझं म्हणणं सरळ आहे. मेमध्ये कूलर नसलेल्या खोलीत अंक उघडे ठेवायचे, कागद सुकला की मृगाच्या आधी हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) टाकून बंद. कोजागिरीलेच उघडायचे.

खळ_आणि_दोरा

कूलरचं निदान बरोबर, डबाबंदही बरोबर, महिना चुकला. मेच्या दुपारी इथली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. तेवढ्या कोरड्या हवेत जुना न्यूजप्रिंट पापडासारखा होतो. त्या दिवसांत पान उलटलं तरी कोपरा हातात येतो, मग २६० अंक पिशवीत भरणं सोडाच.

संक्रांत ते होळी हा आपला हंगाम. होळीनंतर घरोघरी कूलर सुरू होतात, त्याआधी काम उरकायचं. आर्द्रता ४० ते ५० टक्के असेल असे दिवस निवडा. सकाळी धुकं असेल तर अकरानंतर बसा. या काळात कागद लवचिक असतो आणि बुरशी येण्याइतका ओलाही नसतो. शिवण, दुरुस्ती, स्कॅनिंग, पॅकिंग सगळं तेव्हाच.

यासाठी डिजिटल आर्द्रतामापक घ्या, काही शे रुपयांत येतो. पण तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी. ते आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवायचे.

सिलिका जेलबद्दल लोकांची फसगत होते ती हिशेबात. एक अंक ८०–१०० ग्रॅम धरला तर तुमचे २६० अंक २०–२५ किलो. पावसाळ्यातल्या ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येताना तेवढा कागद पाऊण किलोच्या आसपास पाणी सोडतो. पाव किलो जेल साठ-सत्तर ग्रॅम पाणी धरून दमतं. म्हणजे ओला कागद डब्यात भरून जेलवर भरवसा ठेवला तर डब्यात बुरशीची शेती होईल. कागद आधीच कोरडा असायला हवा, जेल फक्त झिरपणारी ओल अडवतं. ३० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम पुरे. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये. निळ्यात विषारी कोबाल्ट असतं, म्हणून शक्यतो नारिंगी घ्या आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

डबे माळ्यावर ठेवू नका. स्लॅबखालचा माळा ही नागपुरातली सगळ्यात वाईट जागा. पश्चिमेची भिंतही नको. तळमजल्यावर जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, महालातल्या जुन्या मातीच्या भिंतींतून वाळवी येते. अंक आडवे रचा, एक कणा डावीकडे, पुढचा उजवीकडे, ढीग १५ सेंटिमीटरच्या वर नाही.

कवटीची_अंगठी

कूलर दुसऱ्या खोलीत हलवतो. मग होळीपर्यंत अंकांचं काय करू? आणि कसर आता आहे त्याचं? कडुलिंबाचा पाला चालेल का?

संत्रा_मार्केट

होळीपर्यंत कपाटातच, पण कूलरविना. पाऊस लागला की मापक ६५ च्या वर जाईल, तेव्हा कपाट दिवसातून तासभर उघडून त्यासमोर पंखा. हवा हलत राहिली की बुरशी धरत नाही. अंक गच्चीवर उन्हात टाकू नका, ते वाळवण नाही. ऊन दोन-चार दुपारींत मुखपृष्ठाचा रंग घेऊन जाते.

डांबरगोळ्या काढा. वाफ आपल्या फुफ्फुसात जाते अन् कागदात वास मुरते. कडुलिंबाचा पाला ओला असला तर स्वतःच ओल आणि डाग देते, सुकला असला तर कसर त्याले भीत नाही.

पान_क्रमांक_३२

कसरीसाठी फ्रीझर. दहा-बारा अंक पॉलिथिनच्या पिशवीत, हवा दाबून काढायची, तोंड टेपने बंद, वर दुसरी पिशवी. घरच्या फ्रीजचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, म्हणून पूर्ण दोन आठवडे. दोन-तीन दिवसांत अंडी मरत नाहीत. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेरून धरायला हवं, आत नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि ओले अंक घेऊन बसतात. मटाराशेजारी वेताळ ठेवायला घरून परवानगी मिळवणं हे ज्याचं त्याने बघावं.

आणि जो अंक ओलसर किंवा बुरशीचा वाटतो तो यात मिसळू नका. तो आधी सावलीत सुकवा. मग एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने कण्याकडून कडेकडे झटका.

खळ_आणि_दोरा

आता पिना. स्टेपल काढायचा चिमटा वापरू नका, त्याच्या दातांनी भोकं फाटतात. अंक मधोमध उघडा. पिनेच्या दुमडलेल्या टोकांखाली पातळ बोथट पट्टी सरकवून दोन्ही पाय सरळ उभे करा, मग अंक उलटा करून पाठीकडून पिन हळूच ओढा. गंजाने कागदाला धरलं असेल तर आधी सुईने भोवतीचा गंज मोकळा करा. दोन पिनांची चार भोकं असतात. त्याच भोकांतून बिनरंगी सुती दोऱ्याने शिवा, गाठ आत. नवं भोक पाडायचं नाही आणि दोरा आवळायचा नाही, नाहीतर तो सुरीसारखा कापतो.

फाटलेल्या पानाला ६ ते १० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा पातळ कागद, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. कुरडईचा चीक ज्यांना करता येतो त्यांचं अर्धं काम झालंय, फक्त तो आंबलेला असतो. निथळलेल्या चिकात स्वच्छ पाणी घालून ढवळा, बसू द्या, वरचं ओता, असं वास जाईपर्यंत तीन-चारदा करा आणि वाळवा. एक भाग स्टार्च, चार भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत, पारदर्शक होईस्तोवर. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा काढा आणि ताकाइतपत पातळ करा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबट वास आला की फेका. मैद्याची खळ नको, तिच्यातल्या ग्लुटेनने पट्टी कडक होते. बाइंडर किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालतात, तेही नको, तांब्याने कागद आणखी लवकर जळतो. एवढा व्याप नको असेल तर मिथाइल सेल्युलोजची पूड पाण्यात कालवून, १०० मिलीला ३ ग्रॅम. पकड जरा कमी, पण किडे येत नाहीत.

टिश्यू कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि पट्टीची धार बसत नाही. पट्टीवर खळ लावायची, पानावर नाही. वर न चिकटणारा बटर पेपर, मग टिपकागद, मग वजन, चार तास.

सेलोटेपचं प्लास्टिक स्वतःहून सुटलं असेल तर उरलेला डिंक क्रेप रबराने गोल फिरवत उचला. प्लास्टिक अजून घट्ट असेल आणि खाली चित्र असेल तर राहू द्या. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी डिंक जातो आणि बरोबर वेताळही जातो. कोड्यांत कुणी पेन्सिलने उत्तरं भरली असतील तर तीही खोडू नका, रबराने कागदाचा पापुद्रा निघतो.

पान_क्रमांक_३२

वाचायचेत म्हणालात म्हणून स्कॅनिंग. त्याआधी एक काम वाचवा. किशोर बालभारतीचं, १९७१ पासूनचं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने स्वतः ऑनलाइन मोफत ठेवलेत. तुमचे सत्तर अंक तिथे तपासा, सापडले तर स्कॅन करायची गरज नाही.

बाकीच्यांसाठी सीसीडी प्रकारचा फ्लॅटबेड घ्या. पातळ, स्वस्त स्कॅनर सीआयएस असतात, त्यांत काचेपासून जरा वर राहिलेला भाग धूसर येतो, म्हणजे नेमका कण्याजवळचा मजकूर. ठिसूळ अंक काचेवर दाबून सपाट करू नका. पिन काढून दोरा घालायच्या मधल्या वेळेत जोडपानं सुटी असतात, तेव्हाच स्कॅन करा, हाच सगळ्यात मोठा फायदा. पानामागे काळा कार्डशीट ठेवा, पलीकडची छपाई दिसायची थांबते. मजकुराला ३०० डीपीआय, मुखपृष्ठ आणि इंद्रजालच्या रंगीत पानांना ६००. ए४ आकाराचं रंगीत पान ६०० ला टिफमध्ये साधारण १०० एमबी होतं, तेव्हा डिस्क आधी घ्या. मूळ स्कॅनमध्ये डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणारी सोय), शार्पन, रंगसुधार सगळं बंद. छपाईचे ठिपके राहू द्या, पुसायचे ते वाचायच्या प्रतीत. फाइलला महिना-वर्ष आणि पान क्रमांक आधीच द्या, नंतर कुणी देत नाही. हे स्कॅन स्वतःपुरते ठेवा, ग्रुपवर टाकू नका, हक्क अजून आहेत.

कवटीची_अंगठी

चांदोबाचे काही अंक दोनदा आहेत. त्यातला कोणता शिवू?

खळ_आणि_दोरा

पानं मोजा. मधलं जोडपान असलेली प्रत ठेवायची, मुखपृष्ठ कितीही मळकं असो. जाहिरातीमागचं पान फाडून नेलेल्या प्रती बऱ्याच असतात, म्हणून क्रमांक सलग आहेत का बघा. दुसरी प्रत कॉपीअर कागदाच्या जॅकेटमध्ये घालून हाताशी ठेवा आणि वाचा. ती फाटली तर फाटली. तिच्यावर आधी पिन काढायचा सराव करून घ्या.

संत्रा_मार्केट

अन् सीताबर्डीच्या फुटपाथवरून नवीन ढीग आणला तर आधी पंधरा दिवस फ्रीझर, मग कपाट. जुन्या ढिगातली एक कसर पुरते.