डॉन्टलेसच्या झडपांना भोके कशासाठी?

प्रश्न (सिडको, नाशिक): ओझरच्या कारखान्यात तयार झालेली मिग आणि पुढे सुखोई विमाने डोक्यावरून जाताना पाहतच मी मोठा झालो. सध्या दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी नौदलाच्या डग्लस एसबीडी डॉन्टलेस या डाइव्ह बॉम्बरचे (सूर मारत खाली येऊन बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे) १:४८ प्रमाणातील मॉडेल जोडत आहे. पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा चाळणीसारख्या आहेत. सुईने एकेक भोक मोकळे करताना मनात आले, की वेग कमी करायचा असेल तर अखंड पत्रा अधिक उपयोगी ठरला नसता का?

उत्तर (ओझर): विमानांच्या पत्र्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून लिहितो. डॉन्टलेस ज्यातून विकसित झाले, त्या नॉर्थ्रॉप बीटी-१ च्या झडपा सुरुवातीला अखंड होत्या. त्या उघडल्या की मागे हवेचे मोठे भोवरे तयार होत आणि शेपटी जोराने थरथरत असे. अभियंते एड हाइनमन यांच्या देखरेखीखाली झडपांना भोके पाडल्यावर भोवरे फुटले, शेपटी शांत झाली आणि वेगही आवरला गेला. साधारण ७० अंशांच्या सुरात ताशी ४५० किलोमीटरच्या आसपास वेग धरून वैमानिकाला नेम साधता येई, आणि माझ्या मते या विमानाचे खरे मोल त्या स्थैर्यातच आहे. पोटाखालचा बॉम्ब सुटताना पंख्याला लागू नये म्हणून त्याला बाहेर झुलवणारा दांडाही आपल्या मॉडेलमध्ये असेल. तो नाजूक असतो, शेवटी चिकटवावा.

उत्तर (गंगापूर रोड): काकांनी रचना सांगितली, मी युद्धाचे सांगते. नावातील ‘एस’ म्हणजे टेहळणी, त्यामुळे शत्रूचे आरमार शोधणे हेही याच विमानाचे काम होते. ४ जून १९४२ रोजी पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटाजवळ ४१ अमेरिकी टॉर्पेडो विमाने खालून चढाई करून गेली, त्यांतील बहुतेक परतली नाहीत. पण जपानी लढाऊ विमाने त्यांच्यामागे खाली गुंतलेली असताना डॉन्टलेस उंचावरून उतरली आणि आकागी, कागा व सोर्यू या तीन जपानी विमानवाहू नौका काही मिनिटांत पेटल्या. चौथ्या नौकेवर, हिर्यूवर, त्याच दिवशी संध्याकाळी घाव बसला. त्या टॉर्पेडो वैमानिकांचा उल्लेख केल्याशिवाय मिडवेची हकिकत सांगूच नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. या विमानाचे पंख दुमडत का नाहीत?

उत्तर (ओझर): बिजागरीचे वजन वाचते आणि सूर संपवून विमान वर उचलताना पंखांवर येणारा प्रचंड भार सलग सांगाडा चांगला पेलतो. त्याची किंमत म्हणजे नौकेवर जागा अधिक लागे. झडपा उघड्या ठेवणार असाल तर त्यांची आतली बाजू लाल रंगवा. मात्र विमान उतरतानाचे दाखवणार असाल तर फक्त खालच्याच उघडा, वरच्या मिटलेल्या असत.