फ(क्ष) हे क्ष² सारखं वाढतंय, मग फ′(क्ष) २क्ष सारखं वाढेलच का?

रिकामा_खडू
फ कॉन्व्हेक्स आहे (आलेखावरचे कोणतेही दोन बिंदू जोडणारी रेषा आलेखाच्या खाली जात नाही), डिफरन्शिएबल आहे (डेरिव्हेटिव्ह फ′, म्हणजे आलेखाचा चढ, सगळीकडे मिळतो) आणि क्ष अनंताकडे जाताना फ(क्ष)/क्ष² चं लिमिट १ आहे. सिद्ध करायचंय: फ′(क्ष)/क्ष चं लिमिट २.

आधी मी दोन्हीकडे डेरिव्हेटिव्ह घेऊन मोकळा झालो. सरांनी वहीत नुसतं "क्ष² + साइन(क्ष²)" लिहून ती परत दिली. त्याचं डेरिव्हेटिव्ह २क्ष + २क्ष·कोसाइन(क्ष²), म्हणजे भागाकार ० आणि ४ च्या मध्ये झोके घेत राहतो. गप्प बसलो.

मग कॉन्व्हेक्स असल्याचा फायदा घेतला. फ′ कुठेच उतरत नाही, म्हणून
[फ(क्ष) − फ(क्ष−ह)]/ह ≤ फ′(क्ष) ≤ [फ(क्ष+ह) − फ(क्ष)]/ह

ह = १ घेतलं आणि गाडी रुतली. फ मध्ये एकच टक्का फरक धरला तरी क्ष = १००० ला तो १०,००० होतो, आणि मी शोधतोय २०००!

स्पर्शिका
असमानता बरोबर आहे, ह चुकलाय. क्ष वाढेल तसा ह पण वाढू द्या. तुमचा एक टक्काच धरू आणि ह = ०.१क्ष घेऊ. वरची बाजू: (१.०१ × १.२१ − ०.९९)/०.१ = २.३२१. खालची: (०.९९ − १.०१ × ०.८१)/०.१ = १.७१९. म्हणजे फ′(क्ष)/क्ष या दोघांच्या मध्ये अडकलं. आता एक टक्क्याऐवजी ए लिहा आणि ह = √ए·क्ष घ्या. वरची बाजू (१+ए)(२+√ए) + २√ए होते. ए कितीही लहान चालतो, झालं काम. खालची बाजू स्वतः करा, हात बसेल.

रिकामा_खडू
अरेच्चा, ह ला क्ष शी बांधायचं सुचलंच नाही! मग लोभ सुटला: फ(क्ष) आणि क्ष² मधला फरक फार तर क्ष च्या पटीत असेल, तर फ′(क्ष) − २क्ष बाउंडेड, म्हणजे एका ठरावीक मर्यादेत, राहील ना?

अर्धवर्तुळ
नाही. ह = √क्ष घेतलंत तर फ′(क्ष) आणि २क्ष मधला फरक फार तर √क्ष च्या पटीत येतो, आणि त्याहून चांगलं मिळत नाही. क्ष² च्या आलेखावर क्ष = १, ४, ९, १६... इथले बिंदू घ्या आणि सरळ रेषांनी जोडा. न² ते (न+१)² या तुकड्यात आलेखापासूनचं उभं अंतर जास्तीत जास्त (न+½)², म्हणजे साधारण क्ष एवढंच. पण रेषेचा चढ न² + (न+१)². न² पाशी उजवीकडचं डेरिव्हेटिव्ह २क्ष पेक्षा २न+१ ने जास्त, म्हणजे २√क्ष + १. कोपरे खुपत असतील तर किंचित घासून गुळगुळीत करा, हिशेब तोच राहतो.