आई-बाबांनीच चालवलेलं पाळणाघर : तुमचे अनुभव लिहा

मुलगी दीड वर्षाची आहे. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून पाळणाघर सुरू करायचं चाललंय. बाई ठेवायची नाही, पाळ्या लावायच्या. सासूबाई म्हणतात, "आठवड्यात भांडाल." कुणी केलंय का असं? गोडगोड नको, झालं ते लिहा.

बर्लिन
आमचा मुलगा 'किंडरलाडन'मध्ये जायचा. लाडन म्हणजे दुकान. 1968च्या विद्यार्थी चळवळीच्या काळात इथल्या पालकांनी रिकामी दुकानं भाड्याने घेऊन मुलं सांभाळायला सुरुवात केली, ते नाव चिकटलंच. आता शिकलेल्या ताई असतात, बराचसा खर्च सरकारी अनुदानातून निघतो, पण संस्था पालकांची. म्हणजे हिशेब, झाडलोट, नळ गळला तर प्लंबर, सगळं आपल्याच गळ्यात. नवरा खजिनदार झाला, माझ्याकडे धुणं आलं. ताई आजारी पडली की सकाळी सातला मेसेज : आज कोण येतंय?

स्वयंपाकाच्या पाळीला मी हिंगाची फोडणी देऊन खिचडी केली. बारातल्या नऊ जणांनी तोंड फिरवलं. पुढच्या खेपेला हिंग वगळला, तर पातेलं चाटूनपुसून साफ!

खरा वैताग मीटिंगचा. वाढदिवसाला केक आणावा की नाही यावर दीड तास. माझं जर्मन मात्र तिथेच सुधारलं, भांडायला भाषा लागते.

वेलिंग्टन
इकडचं 'प्लेसेंटर' 1941 मध्ये आमच्याच शहरात, करोरीला सुरू झालं. पुरुष युद्धावर, घरी आया एकट्या, म्हणून आळीपाळीने मुलं बघायची. आजही मूल लहान असेल तर आपणही तिथेच थांबायचं. नोकरीवाल्यांनी पाळणाघर समजून जाऊ नये, मी तशीच गेले होते! चिखल, पाणी, आणि तीन वर्षांच्या पोराच्या हातात खराखुरा हातोडा. पहिले दोन दिवस माझा जीव टांगणीला.

पुणे
आमची पाच घरं, चौदा महिने चाललं. मोडलं ते तापावरून. एकीने सकाळी तापाचं औषध पाजून मूल पाठवलं, संध्याकाळपर्यंत तिघं फणफणली. पण कुरबूर आधीचीच होती. ज्यांच्या घरात आजी होत्या त्यांची पाळी आजीच करायच्या, मग "आजी आहेतच ना" म्हणत बाकीच्यांच्याही त्यांनीच केल्या. आजी आम्हा सगळ्यांची बिनपगारी बाई झाल्या, आणि हे आमच्या लक्षात यायला वर्ष लागलं. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत. एक दिवस गुडघे दुखतात म्हणून मुलीकडे नाशिकला निघून गेल्या. वही घाला, कुणी किती तास दिले ते रोज लिहा. ताप असेल तर चोवीस तास घरी, हेही आधीच ठरवा.

ठाणे
बाबालोकांची पाळी कुठे गेली? आमच्याकडे ती नेमकी 'ऑफिसचा कॉल' असायची.

धागाकर्ती
पुण्याचं सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "वहीत माझं नाव नको."