घरी जोडलेल्या ट्यूब अँपला फ्यूज किती मिलिअँपचा?

ऐरोलीकर
गणपतीच्या सुट्टीत स्टीरिओ ट्यूब अँप जोडला. आउटपुटला दोन ईएल८४ ट्यूब, पुढे एक ईसीसी८३, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड८१. २५०-०-२५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर रबाळ्यात गुंडाळून घेतला. लॅमिंग्टन रोडवरून ५०० मिलिअँपचे काचेचे फ्यूज आणले. दोनदा नीट चालला, तिसऱ्यांदा बटण दाबताच फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही गेला. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, पाच अँपची तार लावा, कटकट मिटेल. लावू का? बी प्लस, म्हणजे ट्यूबना मिळणारा डीसी, २८० व्होल्ट आहे, ईएल८४ च्या १५० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर प्रत्येकी साडेसात व्होल्ट.

कोपरीचा रेडिओवाला
कटकट मिटेल, सोबत ट्रान्सफॉर्मरही मिटेल.

आधी फ्यूजची टोपी भिंगाखाली धरा. एफ कोरलंय की टी? तुमचे बहुतेक एफ निघतील, म्हणजे झटकन उडणारे. ट्यूबचे हीटर थंड असताना कैक पट करंट ओढतात, ट्रान्सफॉर्मरचा धक्का वेगळाच. तेवढा क्षण टी सोसतो, एफ नाही. काउंटरवरचा "एकच असतं हो काका" म्हणून एफ हातावर ठेवतो. मीही असाच फसलोय.

आता हिशोब. साडेसात भागिले १५०, म्हणजे एका ईएल८४ ला ५० मिलिअँप. दोघींचे १००, ईसीसी८३ चे दोन-तीन. २८० व्होल्टला साधारण २९ वॅट. हीटरचे ०.७६ दोनदा, ०.३ आणि ईझेड८१ चा १ अँप मिळून २.८२ अँप, गुणिले ६.३, म्हणजे जवळजवळ १८ वॅट. रेक्टिफायरचे दोन-तीन धरून ५० झाले. ट्रान्सफॉर्मरची गळती धरा, शिवाय कपॅसिटर करंट गचके देत ओढतो, म्हणून ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँप) पकडा. २३० ने भागलं की ०.३ अँप. टी५०० लावा. आकडा तुमचा बरोबरच होता, अक्षर चुकलं.

माझ्या पहिल्या अँपला मी असाच वैतागून २ अँपचा घातला होता. एका रात्री पहिला फिल्टर कपॅसिटर, रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणारा, शॉर्ट झाला. मी चहा टाकायला आत गेलो होतो, जळक्या वार्निशच्या वासाने बाहेर आलो. ट्रान्सफॉर्मरमधून काळा चिकट थेंब प्लायवूडवर ओघळत होता, आणि फ्यूजची तार काचेत नव्यासारखी चमकत होती! त्या दिवशी कळलं, मेनचा फ्यूज एकटा पुरत नाही. एचटीला, म्हणजे त्या उच्च व्होल्टच्या बाजूला, वेगळा हवा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची सेंटर टॅप, म्हणजे मधली वायर, ग्राउंडला जाते, तिथेच घाला. डीसी १०० मिलिअँप असला तरी त्या वायरमधून गचक्यांमुळे आरएमएस करंट, म्हणजे फ्यूज तापवणारा, पावणेदोन-पट वाहतो. म्हणून टी२५०.

नेरूळचा हौशी
काका, मी तर एचटी फ्यूज फिल्टर कपॅसिटरच्या पुढे बी प्लसमध्ये घालतो. काय बिघडतं?

कोपरीचा रेडिओवाला
तो कपॅसिटरच शॉर्ट झाला तर तुमचा फ्यूज नुसता बघत बसेल. शिवाय तिथे निखळ डीसी. २५० व्होल्ट एसीचा काचेचा फ्यूज तुटला तरी आत ठिणगी पेटती राहू शकते. सेंटर टॅपमध्ये करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो, ठिणगी विझते.

ऐरोलीकर, पहिला कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा घातलाय? ईझेड८१ ला ५० च्या वर चालत नाही. आणि मेनचा फ्यूज फेजमध्येच ना? टेस्टर लावून बघा, आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणं नवीन नाही. अर्थिंगची तार चॅसिसला बोल्टने कसा. नव्याने चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब घ्या, तो भक्क पेटून तसाच राहिला तर लगेच बंद.

ऐरोलीकर
एफच निघाले! आणि कपॅसिटर १०० चा होता, लाज वाटली. ४७ चा घातला, मेनला टी५००, सेंटर टॅपला टी२५०. सॉकेटही उलटाच होता, त्याच इलेक्ट्रिशियनकडून सरळ करून घेतला. बल्ब आधी उजळला, मग हळूहळू मंद झाला. चार दिवस रोज संध्याकाळी वाजतोय. डाव्या चॅनलला थोडा हम आहे, त्याचा वेगळा धागा काढतो.