सकाळी आठची कोच: ब्रिटनमधल्या एकदिवसीय सहलींचे अनुभव सांगा

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. मी स्लावला राहतो. भारतातल्या लायसन्सवर इथे बारा महिनेच गाडी चालवता येते, ती मुदत कधीच उलटली, आणि इथली परीक्षा मी अजून देतोच आहे. म्हणून गेल्या शनिवारी त्यांना लंडनहून कॉट्सवोल्ड्सच्या, म्हणजे तिथल्या जुन्या खेड्यांच्या, कोच सहलीला नेलं. (कोच म्हणजे लांब पल्ल्याची बस.) एका दिवसात चार गावं! बायबरीला ४० मिनिटं मिळाली, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. तिथली आर्लिंग्टन रो म्हणजे दगडी छपरांची, एकमेकींना टेकून उभी असलेली घरं. चौदाव्या शतकात तिथे लोकर साठवायचे, सतराव्या शतकात विणकरांची बिऱ्हाडं झाली. सगळे फोटो काढत होते. आई मात्र एका खिडकीतल्या भांडी घासायच्या ब्रशकडे बघत होती. "अरे, इथे माणसं राहतात की! आणि आपण त्यांच्या दारात उभे?" तिने फोनच पर्समध्ये टाकला.

बर्टन-ऑन-द-वॉटरला १९३७ सालचं एक छोटं गाव आहे. म्हणजे त्याच गावाची एक नवमांश आकाराची प्रतिकृती, त्या प्रतिकृतीत तिचीही प्रतिकृती, तिच्यात आणखी एक. बाबा तिथे उकिडवे बसले ते उठेनात. शेवटी चहा राहिला.

चार गावांऐवजी एकच ठिकाण नीट दाखवणारी सहल असते का? तुमचे अनुभव लिहा. पैसे वाया गेले असतील तर तेही लिहा.

*

स्कॉटलंडमधल्या एडिंबराहून लॉख नेस, म्हणजे राक्षसाच्या दंतकथेचं ते तळं, त्याच दिवशी परत. सकाळी आठ ते रात्री आठ. विद्यार्थी असल्याने स्वस्तातलं तिकीट, मागची सीट. खरं सांगू? लॉख नेसपाशी काहीच वाटलं नाही. पीटमुळे, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीमुळे, पाणी कोऱ्या चहासारखं काळपट, आणि राक्षस बघायला आलेले आम्ही पन्नास जण कठड्याला टेकून बिस्किटं खात होतो.

पण वाटेतली ग्लेनकोची दरी! गाडी जेमतेम पंधरा मिनिटं थांबली, पाऊस आडवा लागत होता, डोंगर निम्मेच दिसत होते. तरी सगळा दिवस तिथेच वसूल झाला. गाइडने १६९२ च्या फेब्रुवारीतली हकीकत सांगितली. राजाचे सैनिक तिथल्या मॅकडोनाल्ड कुळातल्या लोकांच्या घरी जवळजवळ दोन आठवडे पाहुणे म्हणून राहिले, जेवले, पत्ते खेळले. मग एका पहाटे, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावरच शस्त्रं चालवली. अडतीसेक माणसं मारली, आणखी किती तरी बर्फात पळताना गारठून मेली. गाडीत कुणी बोलेना, नुसता वायपरचा आवाज.

ही सहल डिसेंबरात करू नका. पावणेचारलाच अंधारून येतं आणि परतताना खिडकीत स्वतःचंच तोंड दिसत राहतं.

*

आम्ही लेस्टरचे, आता चाळीस वर्षं झाली. तुम्ही मुलं त्या लंडनच्या सहलींना जाता, आमच्याकडे 'मिस्टरी ट्रिप' असते. कुठे नेणार ते पोहोचेपर्यंत ड्रायव्हरलाच ठाऊक! आमच्या गल्लीतल्या इंग्लिश बायका आणि मी ठरलेल्या. गाडी निघाली की पैजा लागतात: समुद्र की डोंगर? मागच्या खेपेला पीक डिस्ट्रिक्टमधलं बेकवेल निघालं. तेही सोमवारी, म्हणजे बाजाराचा दिवस. भाज्या, पडद्याचं कापड, चीज, आणि नदीपलीकडे गुरांचा बाजार. मला आमचा लोणंदचा बाजारच आठवला. अंडं चालत असेल तर बेकवेल पुडिंग खा. पण टार्ट वेगळा आणि पुडिंग वेगळं, तिथे चुकून एकाला दुसरं म्हणू नका.

मी पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी नेते. शेजारच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई पुरी दोन बोटांत धरून आधी हुंगतात, मग खातात, मग रुमालाने एकेक बोट पुसतात. नेहमी विचारतात, यात काय घातलंस? मी दरवेळी सांगते, ओवा. परतताना ड्रायव्हरसाठी लिफाफा फिरतो, त्यात दोन-तीन पौंड टाकायचे, विसरू नका.

*

लेक डिस्ट्रिक्ट, सोळा आसनी मिनीबस, कर्कस्टोन पास. ४५४ मीटर उंचीवर जाईपर्यंत मुलाने तीन पिशव्या भरल्या. आवळासुपारी बरोबर ठेवा आणि पुढची सीट आधीच मागून घ्या. निसर्ग सुंदर होता म्हणतात.

*

लेक डिस्ट्रिक्टसाठी मी वेगळं सुचवतो. विंडरमियरपर्यंत ट्रेन, तिथून केझिकला जाणारी ५५५ नंबरची साधी बस. ग्रासमियरला उतरा, कवी वर्ड्सवर्थची कबर बघा, जिंजरब्रेड घ्या, पाऊस आला तर पुढची बस पकडा. छत्री हलवत "चला चला" करणारं कुणी नाही.

*

बाथला आमची कोच आम्हाला सोडून गेली. अकराच मिनिटं उशीर झाला होता! फोन केला तर म्हणे अटी वाचा. पॅडिंग्टनपर्यंत ट्रेनने आलो, दोघांच्या तिकिटाला अख्ख्या सहलीपेक्षा जास्त पैसे पडले. कंपनीचं नाव घेत नाही, पण राग अजून आहे.

*

वरच्या ताईंना सांगतो, कारण मी ड्रायव्हर आहे. मूळ पेडणे, गोवा. सध्या स्विंडन, इथे आपली गोव्याची माणसं पुष्कळ. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला नऊ तासांवर चालवता येत नाही, आठवड्यात दोनदाच दहा. सगळं टॅकोग्राफवर, म्हणजे गाडीतल्या नोंदयंत्रावर, उमटतं. वेगही बांधलेला, ताशी १०० किलोमीटरच्या वर कोच जातच नाही, म्हणजे उशीर रस्त्यावर भरून काढायची सोय नाही. तुमची अकरा मिनिटं आणि संध्याकाळची मोटरवेवरची कोंडी मिळून माझे तास संपले, तर पन्नास माणसं सर्व्हिसेसच्या, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्याच्या, पार्किंगमध्ये अडकतात. तरी मी पाच मिनिटं थांबतो. सहावं मिनिट लागलं की आरशात बघत बघत गाडी सोडतो, आणि पुढचे वीस मैल मन खात राहतं.

बाकी मूळ प्रश्नाचं सांगायचं तर, जाहिरातीत चार नावं दिसली तर दोन धरा. आणि डावीकडच्या खिडकीत बसा, शेतं बघायला मिळतात. उजवीकडे समोरून येणारी वाहनंच जास्त.

*

धन्यवाद मंडळी. काकू, तुमच्या मिस्टरी ट्रिपसाठी आई लेस्टरला यायला तयार आहे. ओव्याच्या पुऱ्या ती करणार म्हणते. बाबांचं म्हणणं, बर्टनला पुन्हा जाऊ, त्या सगळ्यात छोट्या प्रतिकृतीत चर्च आहे की नाही ते बघायचं राहिलं.