मदत हवी आहे: मुलाचा दमा आटोक्यात आहे की नाही, हे कसे ओळखावे?

माझ्या सात वर्षांच्या मुलाला बालदमा आहे. बालरोगतज्ज्ञांनी रोज दोन वेळा घेण्यासाठी ब्युडेसोनाइडचा (श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारे स्टेरॉइड) आणि धाप लागली तरच घेण्यासाठी साल्ब्युटामॉलचा (आखडलेल्या श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारे औषध) असे दोन इनहेलर दिले असून दोन्ही आम्ही स्पेसरमधून, म्हणजे इनहेलरला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून देतो. दिवसा तो ठणठणीत असतो. पहाटे मात्र कोरड्या खोकल्याची उबळ येते, तो उठून बसतो, घोटभर पाणी पितो आणि पुन्हा झोपी जातो. खेळतानाही इतर मुले धावत असताना हा मधेच कडेला जाऊन उभा राहतो आणि विचारले तर ‘कंटाळा आला’ एवढेच सांगतो. छाती वाजत नसल्यामुळे याला दम्याचा त्रास म्हणावे की नाही, हेच आम्हाला उमगत नाही. पुढच्या तपासणीत औषधाची मात्रा वाढेल असे दिसते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना तर ‘पंपाची सवय लागेल, उंची खुंटेल’ या भीतीने आहे तेही औषध बंद करायला हवे आहे. औषध खरोखरच कमी पडत आहे की ते छातीपर्यंत पोहोचतच नाही, हे घरी कसे पडताळून पाहता येईल? औषधात परस्पर बदल करण्याचा आमचा विचार नाही. डॉक्टरांना काय सांगायचे आणि काय विचारायचे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

दम्याचा त्रास रात्री आणि पहाटे बळावतो आणि प्रत्येक मुलाची छाती वाजतेच असे नाही, त्यामुळे हा खोकला दम्याचा असण्याची शक्यता पुष्कळ आहे. मागच्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा झाला का, साल्ब्युटामॉल तितक्या वेळा लागले का, दम्यामुळे झोपमोड झाली का आणि खेळ सोडावा लागला का, हे चार प्रश्न डॉक्टर विचारतात. तुमच्याकडे शेवटच्या दोन्हींचे उत्तर बहुधा ‘हो’ असेच येईल. मुलाच्या ‘कंटाळा आला’वर विसंबू नका, आपल्याला दम लागतो हे चारचौघांत कबूल करायला मुले सहसा तयार नसतात.

मात्रा वाढवण्याआधी तुम्ही औषध कसे देता, ते डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष करून दाखवा. इनहेलर हलवून स्पेसरला लावावा, एकच फवारा मारावा, मुलाने नळीभोवती ओठ घट्ट मिटून पाच-सहा संथ श्वास घ्यावेत आणि दुसरा फवारा सांगितला असल्यास इनहेलर पुन्हा हलवूनच तो मारावा. दोन फवारे एकदम मारले तर बरेचसे औषध स्पेसरमध्येच राहते. प्लास्टिकचा स्पेसर धुतल्यावर फडक्याने पुसू नये. घासल्यामुळे त्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि औषध आतल्या भिंतीला चिकटून बसते. साबणाच्या पाण्यात बुडवून तो आपोआप वाळू द्यावा. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: औषध संपल्यावरही इनहेलरमधून फवारा निघत राहतो, म्हणून त्यावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा पाहावा आणि आकडा नसेल तर फवाऱ्यांची नोंद ठेवावी.

उंचीची शंका निराधार नाही, फक्त ती फुगवून सांगितली जाते. ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढ वयातील उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि ही तूट सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच पडली, पुढे वाढत गेली नाही. दमा अनावर राहिला तरी वाढ मागे पडते, हे घरच्यांना जरूर सांगा. या औषधाची सवय लागत नाही. फवाऱ्यानंतर चूळ भरायला लावावी, म्हणजे तोंडात बुरशी होण्याची शक्यता कमी होते.

प्रतिसाद २

वरील माहितीत थोडी भर घालते. खोकल्याची वेळ, त्या आधी सर्दी झाली होती का, घरात कोणी धूम्रपान करते का आणि गादी-उशीत धूळ किंवा भिंतीला ओल आहे का, हे लिहून न्यावे. मुलांमध्ये दमा उसळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण साधी सर्दी हेच असते. खेळण्यापूर्वी साल्ब्युटामॉल द्यावे का, हेही विचारावे.

त्रास वाढला तर कोणते औषध किती द्यायचे, याचा लेखी आराखडा डॉक्टरांकडून मागून घ्यावा आणि त्याची एक प्रत वेगळ्या इनहेलर व स्पेसरसह शाळेत द्यावी. मुलाला सलग एक वाक्य बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा साल्ब्युटामॉलचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.