सवलतीतली एसएसडी: घ्यावी की सोडावी? तुमचे अनुभव लिहा

भाचा इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे. त्याच्या लॅपटॉपमधली ५१२ जीबी भरत आली आणि परवा रात्री त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी ड्राइव्ह), ६२ टक्के सूट, सेल संपायला नऊ तास. "मावशी, घेऊ का?" मी म्हटलं, थांब. असल्याच घाईत मी एकदा पोळले आहे आणि तेव्हा मला थांबवणारं कोणी नव्हतं. म्हणून हा धागा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या ज्यांनी सेलमध्ये, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात किंवा सेकंडहँड एसएसडी घेतली असेल त्यांनी लिहा. काय बघून घेतली, काय बघायचं राहिलं, पुढे काय झालं. मॉडेलांच्या याद्या नकोत, अनुभव हवेत.

सुरुवात मीच करते. २०२२ साली ऑफिसच्या कामासाठी एक एम.२ एसएसडी (लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये बसणारी पातळ पट्टी) घेतली, निम्म्या भावात. पार्सल आलं तेव्हा घरात गौरी-गणपतीची गडबड, त्यामुळे बाराव्या दिवशी उघडलं. पट्टी स्लॉटमध्ये अशी बसली की जणू तिथलीच. लॅपटॉप सुरू केला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) तिचा पत्ताच नाही. तीनदा काढली, तीनदा लावली. शेवटी डोंबिवली स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्या दादाकडे गेले. त्याने पट्टी उजेडात धरली आणि कडेच्या खाचा दाखवल्या. "ताई, हिला दोन खाचा आहेत. ही साटावाली. तुमच्या स्लॉटला एनव्हीएमई लागते." आकार तोच, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, स्क्रूची जागा तीच, पण कॉम्प्युटरशी बोलायची भाषा वेगळी: साटा जुनी आणि हळू, एनव्हीएमई नवी आणि वेगवान. एनव्हीएमईला बहुतेक वेळा एकच खाच असते. परत करायची मुदत होती दहा दिवसांची. साटा एम.२ चालणारा लॅपटॉप आजवर आमच्या घरात आलेला नाही, त्यामुळे ती पट्टी अजून कपाटात आहे.

दादरहून

मी लग्नांचे व्हिडिओ करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमची झोप जाते. दोन वर्षांपूर्वी सीझनच्या तोंडावर २ टीबीची एक स्वस्त एसएसडी घेतली. जाहिरातीत वेग सेकंदाला ३,५०० एमबी. पहिले काही आठवडे खूश होतो. डिसेंबरात एका रविवारी दोन लग्नं आली, मिळून ३४० जीबी फूटेज. रात्री साडेअकराला कामाच्या ड्राइव्हवरून हिच्यावर कॉपी लावली. आधी आकडा दीड हजाराच्या वर. साधारण ११० जीबी झाले आणि तो कोसळला: ४००, १५०, मग ९० वर येऊन बसला. माझी जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा याहून वेगात लिहिते. उरलेल्या फूटेजला पाऊण तास लागला आणि मला वाटलं ड्राइव्ह गेली.

ती गेली नव्हती, ती तशीच असते. आत क्यूएलसी फ्लॅश मेमरी आहे, म्हणजे एका सेलमध्ये (माहिती साठवायच्या सूक्ष्म कप्प्यात) चार बिट. असं लिहायला वेळ लागतो, म्हणून ड्राइव्ह मोकळ्या जागेत आधी एका सेलला एकच बिट लिहून घेते आणि सवडीने आवरते. त्या तात्पुरत्या जागेला एसएलसी कॅश म्हणतात. माझ्या ड्राइव्हवर दीड टीबी आधीच भरलेला होता. मोकळे राहिले ५०० जीबी, त्याचा चौथा भाग १२५. आकडा ११० च्या आसपास का कोसळला ते आता कळतं. ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ही कॅश लहान, आणि जाहिरातीतला वेग या कॅशचाच असतो.

दुसरं, टीबीडब्ल्यू बघा. वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्याचा हा आकडा. सॅमसंगच्या १ टीबी ८७० ईव्हीओला (टीएलसी, एका कप्प्यात तीन बिट) तो ६०० आहे, त्याच मापाच्या ८७० क्यूव्हीओला (क्यूएलसी) ३६०. रोज २० जीबी लिहिणाऱ्या घरगुती माणसाला ३६० टेराबाइट म्हणजे १८,००० दिवस, जवळपास पन्नास वर्षं. त्याने क्यूएलसी बिनधास्त घ्यावी, पैसे वाचतील. माझ्यासारखा रोज ३०० जीबी लिहिणारा तोच आकडा १,२०० दिवसांत संपवतो. मावशींच्या भाच्याने आधी स्वतःलाच विचारावं: मी लिहिणार किती?

बदलापूरहून

शाळेत शिक्षिका आहे. वरच्या तांत्रिक गोष्टी मला फार कळत नाहीत, पण एक सांगायलाच हवं. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती डिस्क होती. तो सुरू करून मी चहा टाकायचे, चहा उकळून गाळून व्हायचा तरी डेस्कटॉप आलेला नसायचा. साधी २४० जीबी साटा एसएसडी बसवली, सवलतीतली, सगळ्यांत स्वस्त. आता वीस सेकंद. निकालाच्या दिवसांत केवढा फरक पडतो ते आमचं आम्हालाच माहीत. साटाचा वेग ५५० एमबीच्या आसपास अडतो म्हणतात, अडू दे. जुन्या मशीनला हे पुरतं.

लॅमिंग्टन रोड

सहा वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून थोडं मोठं लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि फोन पुढे करतं: "इथे ६० टक्के सूट आहे, तुम्ही किती देणार?" सूट कशावर? छापील एमआरपीवर. एमआरपीला विकलेली एसएसडी मी अजून पाहिलेली नाही. ती ड्राइव्ह गेल्या तीन-चार महिन्यांत खरोखर कितीला जात होती, ते बघा. किमतींचा इतिहास दाखवणाऱ्या साइट आहेत, दोन मिनिटांचं काम आहे. फ्लॅशचे भाव कांद्यासारखे वरखाली होतात. २०२३ च्या मध्यावर ते फार उतरले होते. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली तसे चढले. त्यामुळे आजची "मोठी सूट" देऊनही किंमत २०२३ च्या बिनसवलतीच्या भावापेक्षा जास्त असू शकते. असं दिसलं म्हणून लगेच सोडूनही देऊ नका. गरज आजची असेल तर तुलना आजच्या भावांशीच करावी लागते.

लोक एक गोष्ट मुळीच विचारत नाहीत: आत काय आहे? स्वस्त मालिकांमध्ये बॉक्सवर नाव तेच राहतं आणि आतला कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) किंवा फ्लॅश बदललेली असते. सहा महिन्यांपूर्वीचा चांगला रिव्ह्यू आजच्या पट्टीला लागू पडेलच असं नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात टीएलसी की क्यूएलसी, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी, झटपट मेमरी) आहे की नाही, टीबीडब्ल्यू किती आणि वॉरंटी तीन वर्षं की पाच, हे चार रकाने शोधा. डीरॅम नसली म्हणून एनव्हीएमई लगेच टाकाऊ ठरत नाही. ती कॉम्प्युटरच्या रॅममधली थोडी जागा वापरून काम भागवते आणि रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. साटामध्ये मात्र ती सोय नाही, तिथे जपून.

आमच्याकडे आलात तर (रविवारी येऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात) जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल आहे का बघा. मग काउंटरवर उभ्या उभ्या कंपनीच्या साइटवर तो नंबर टाका. वॉरंटी दिसली की पैसे द्या. पट्टीच्या सोनेरी पिनांवर बारीक उभे ओरखडे असतील तर ती कुठेतरी लागून आलेली आहे. चांगला दुकानदार या तपासणीला कधी नाही म्हणत नाही.

बोरिवलीहून

सासऱ्यांनी आम्हाला न सांगता मागवली. "१६ टीबी पोर्टेबल एसएसडी", १,२९९ रुपये. हातात घेतली तर चांगली जड, धातूची, वर निळा दिवा. कॉम्प्युटरमध्ये क्षमताही १६ टीबी दिसली. त्यांनी घरातले सगळे फोटो त्यावर टाकले. आठवड्याने माझ्या मुलीच्या बारशाचा फोल्डर उघडला. पहिले काही फोटो ठीक, पुढचे अर्धे राखाडी, त्यापुढचे उघडेचनात. माझ्या पोटात गोळा आला. नशिबाने मूळ फोटो अजून जुन्या डिस्कवर होते.

नवऱ्याने सुरीने कड उचकटली. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पाटी, तिच्यावर नखाएवढं मेमरी कार्ड, वर गोंदाचा पिवळट थेंब. शेजारी वजनासाठी चिकटवलेला लोखंडी तुकडा. बस्स. कार्डाच्या कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिखाण तो जुन्यावरच लिहितो किंवा टाकून देतो, आणि फायलींची नावं मात्र शाबूत दिसत राहतात. म्हणून क्षमता पाहून काहीच कळत नाही, भरून आणि वाचूनच कळतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफथ्री ही फुकट साधनं ते काम करतात. सासऱ्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नवव्या दिवशी पैसे परत आले. त्यांना कोणी काही बोललं नाही. त्यांनी ते सगळ्यांसाठीच आणलं होतं.

अंधेरीहून

वरच्या ताईंच्या अनुभवाला जोडून एकच, कारण माझ्या मित्राने यावरून चांगली ड्राइव्ह परत पाठवली. १ टीबी घेतल्यावर विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतात, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या.

घणसोलीहून

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी. एका जाहिरातीत १ टीबी एनव्हीएमई होती, "सहा महिने वापरलेली". ठाणे स्टेशनबाहेर भेटायचं ठरलं. मी लॅपटॉप आणि यूएसबी एनक्लोजर (पट्टी बाहेरून जोडायची डबी) बॅगेत घेऊन गेलो. तिकीट खिडकीच्या बाजूला कट्ट्यावर बसून पट्टी लावली, क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिल्याचे तास, १९,४१२. सहा महिने रात्रंदिवस चालवली तरी ४,३८० तास होतात. पर्सेंटेज युज्डच्या, म्हणजे आयुष्य किती टक्के वापरून झालं त्याच्या, पुढे ७१. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो म्हणाला, मलाही कोणाकडून तरी मिळालीय. बोलाचाली न करता उठलो.

महिनाभराने दुसरी घेतली, ४ टक्के वापरलेली, मूळ बिलासकट. अजून उत्तम चालते. लॅपटॉपमधून काढलेल्या ओईएम ड्राइव्ह बाजारात खूप आहेत आणि बऱ्याचशा दर्जाने चांगल्याही असतात, पण त्यांची वॉरंटी लॅपटॉप बनवणाऱ्यामार्फत असते, तुमच्या हाती काही येत नाही. तेवढी किंमत कमी करूनच बोला. २०२१ मध्ये चिया नावाच्या क्रिप्टोसाठी लोकांनी एसएसडी अक्षरशः पिळून काढल्या. एकेका प्लॉटला (त्यासाठी बनवायच्या मोठ्या फाइलला) एक टीबीहून जास्त लिखाण व्हायचं. त्या काळातली ड्राइव्ह असेल तर एकूण लिखाणाचा आकडा बघितल्याशिवाय हात लावू नका.

कलिनाहून

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी आणि कॉम्प्युटरचा सीपीयू जमिनीवर. आईचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यात होते. तेव्हापासून बॅकअप हा माझ्यासाठी फार जवळचा विषय आहे. गेल्या दिवाळीत २ टीबीची एसएसडी स्वस्तात दिसली आणि वाटलं, सगळं हिच्यावर टाकू, पिशवीत घालून वरच्या कपाटात ठेवू.

मुलाने अडवलं. फ्लॅशमध्ये माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि तो भार बिनविजेचा हळूहळू गळतो. जेडेकच्या (चिपची मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या) मानकानुसार घरगुती एसएसडी पूर्ण टीबीडब्ल्यू वापरून झाल्यावर, बंद अवस्थेत, ३० अंशांना किमान एक वर्ष माहिती टिकवायला हवी. नवी ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण आमच्या माळ्यावर मे महिन्यात ३० अंश हा गारवा झाला. शेवटी त्याच पैशांत दुप्पट मापाची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली आणि एक प्रत पुण्याला भावाकडे ठेवली. सवलत खरी होती, वस्तूही चांगली होती, पण माझ्या कामाची नव्हती.

मुलुंडहून

सीएच्या ऑफिसात काम करते. ३० जुलैला, रिटर्न भरायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, सात महिन्यांची एसएसडी मेली. हार्ड डिस्क निदान खरखर करून सांगते. ही संध्याकाळी चालू होती आणि रात्री नव्हती. वॉरंटीत नवी मिळाली, अठरा दिवसांनी. आतली माहिती मिळाली नाही आणि मिळणारही नव्हती, वॉरंटी डिस्कची असते. त्या रात्री आम्ही तिघींनी अठ्ठावीस पक्षकारांची कागदपत्रं ईमेलमधून परत गोळा केली. ड्राइव्ह महागडी असो की सवलतीतली, दुसरी प्रत त्याच दिवशी करा. कळकळीने सांगते.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला सगळं वाचायला लावलं. त्याने लॅपटॉपचं मॅन्युअल शोधलं तर रिकामा स्लॉट जेन थ्रीचा (जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा) निघाला. म्हणजे सेलमधल्या ड्राइव्हचा सेकंदाला ७,००० एमबीचा वेग तिथे ३,५०० च्या आसपासच अडला असता. टीएलसी की क्यूएलसी ते त्या जाहिरातीत कुठेच नव्हतं. सेल संपला, आम्ही जाऊ दिला. शनिवारी दोघं ग्रँट रोडला उतरलो, पूर्वेला चालत गेलो आणि टीएलसी, पाच वर्षं वॉरंटी, ६०० टीबीडब्ल्यू अशी एक घेतली, सेलच्या भावापेक्षा ७५० रुपये जास्त देऊन. बिलावर सीरियल नंबर आहे. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या पट्टीचा स्क्रू नव्हता, तो दुकानदाराने ड्रॉवरमधून शोधून कागदात बांधून दिला.

रात्री साडेदहाला एचटूटेस्टडब्ल्यू लावलं. सकाळी एकही चूक नव्हती. आता तो कॉलेजचे फोल्डर हलवतोय, आणि जुन्या ड्राइव्हवरचं मी त्याला अजून पुसू दिलेलं नाही.